कॅलेडोनियन कालव्यांतून शिडाच्या नावेनें

भूगोलाच्या तासाला आम्ही तीस वर्षें फळ्यावर 'लॉक'चें चित्र काढीत आलों. दोन दरवाजे, एकीकडे पाणी उंच, दुसरीकडे सखल. मुलें तें उतरून घेत व परीक्षेंत बहुधा उलटें काढीत. प्रत्यक्ष लॉक पाहण्याचा योग मात्र वयाच्या पासष्टाव्या वर्षीं स्कॉटलंडांत आला. आमचा भाचा ग्लासगोस असतो. त्यानें व त्याच्या पत्नीनें एक जुनी शिडाची नाव घेतली आहे. 'मामी, या खेपेस नाहीं म्हणावयाचें नाहीं,' असें त्यानें दूरध्वनीवरून बजाविलें, आणि नवल हें कीं मामीनें नाहीं म्हटलें नाहीं. तिला पोहतां येत नाहीं, गुडघे दुखतात, व नारळी पौर्णिमेस नारळ वाहण्यापलीकडे तिचा समुद्राशीं संबंध आलेला नाहीं.

स्कॉटलंडच्या उत्तर भागांत नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे एक सरळ दरी गेली आहे. तींत लॉकी, ऑइक व नेस हीं सरोवरें ओळीनें पसरलीं आहेत. तीं जोडून दोन्हीं बाजूंचे समुद्र एक करावे या हेतूनें टॉमस टेलफर्डच्या देखरेखीखालीं १८०३ सालीं काम सुरू झालें. उत्तरेकडील तुफानी समुद्राचा वळसा गलबतांना चुकावा, व जमिनी गेल्यामुळें परदेशीं चाललेल्या डोंगराळ मुलखांतील लोकांना घरींच काम मिळावें, असा दुहेरी उद्देश होता. कालवा १८२२ सालीं खुला झाला. एकंदर लांबी सुमारें ६० मैल. पैकीं खोदलेला भाग २२ मैलच, बाकी सरोवरें. आणि लॉक २९. परंतु तोंवर गलबतें मोठीं होऊं लागलीं होतीं, आगबोटी निघाल्या होत्या, आणि खर्च वांचविण्यासाठीं ठरल्यापेक्षां खोली कमी ठेवली होती. ज्यासाठीं एवढा खटाटोप केला तें काम कालव्यानें बेताचेंच केलें. आज तो मुख्यतः आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्या उपयोगी पडतो.

कॉरपाखच्या समुद्रदारांतून आंत शिरल्यावर लौकरच बॅनव्ही येथें 'नेपच्यूनचा जिना' लागतो. नेपच्यून म्हणजे रोमन लोकांचा वरुण. एकापुढें एक असे आठ दगडी हौद आहेत. त्यांतून नाव सुमारें ६४ फूट वर चढते, व त्यास दीड तास लागतो. खालचे दरवाजे लागले कीं झडपांतून पाणी खळखळत आंत येतें, आणि नाव बुचाप्रमाणें वर येऊं लागते. पूर्वीं हे दरवाजे माणसें लांकडी दांडे धरून, घाण्याच्या बैलासारखीं फिरून उघडीत. आतां यंत्रें आहेत.

भाचा सुकाणूंवर, भाचेसून काठावर पुढचा दोर धरून, व मागचा दोर आमच्या हातीं अशी वांटणी झाली होती. नाव वर येईल तसा दोर आंवळीत जावयाचा, एवढेंच काम. तिसऱ्या हौदांत आम्ही आमच्या सौ.ना पाणी कसें चढतें तें समजावून सांगूं लागलों, आणि दोर सैल पडला. नावेची मागची बाजू फिरून समोरच्या भिंतीकडे गेली. सौ. नावेंतच होत्या, त्यांनीं चटकन् रबरी गादी मध्यें सरकविली म्हणून धक्का बसला नाहीं. आणि आम्ही काठावरून, चारचौघांदेखत, वर्गांत ओरडावें तसे ओरडलों, 'अगं, तिथें कशाला जाऊन उभी राहिलीस?'

उरलेले पांच हौद त्या बोलल्या नाहींत. रात्रीं पिठलेंभात झाला, तोहि मुक्यानेंच. चूक आमची होती, हें आम्हांस तेव्हांच कळलें होतें. पण मास्तरकी केलेल्याच्या तोंडून तें निघणें कठीण.

खोदलेल्या भागांत शीड उभारीत नाहींत, इंजिनावरच जावें लागतें. दोहों बाजूंस झाडी असलेला लॅगनचा पट्टा व समुद्रसपाटीहून १०६ फूट उंचीवरचें ऑइक सरोवर, हीं अशींच अबोल्यांत पाहिलीं. पुढें फोर्ट ऑगस्टसचे पांच हौद उतरून नेस सरोवरांत आलों. लांबी सुमारें २३ मैल, खोली सातशें फुटांहून अधिक, पाणी काळेंभोर. येथील राक्षसाची हकीकत १९३३ पासून वर्तमानपत्रांनीं गाजविली. आम्हांस बदकें दिसलीं. वारा पाठीमागून होता. भाच्यानें पुढचेंच शीड उभारलें, इंजिन बंद केलें, आणि सुकाणूं मामीच्या हातीं दिलें.

तासभर त्या सुकाणूं धरून बसल्या होत्या. अर्कहार्टचा पडका किल्ला डाव्या हातास दिसूं लागला तेव्हां आम्ही जवळ जाऊन म्हटलें, 'परवां दोर माझ्याच हातून सुटला होता.'

'ठाऊक आहे मला. मीच तर पाहत होतें,' त्या म्हणाल्या. 'अहो, जरा बाजूला व्हा. पुढचें दिसत नाहीं.'

शेवटचें क्लॅकनाहॅरीचें समुद्रदार चिखलांत पुढवर बांधलेलें आहे. चिखलांत पाया टिकेना, म्हणून टेलफर्डच्या माणसांनीं तेथें भर टाकून ती खचूं दिली व मग तींतच हौद खोदला. तेथें पोहोंचण्यापूर्वीं सौ.नीं भाच्याकडून मागचा दोर आपण होऊन मागून घेतला. आम्हीं गाद्या सांभाळल्या.