लाल दिवा

पावसाळ्याच्या तोंडावर रास्पबेरी पाय झीरोच्या चाळीस पिनांच्या पट्टीला डाग देताना हात थरथरला आणि शेजारच्या दोन पिना एकमेकींना चिकटल्या. माझ्याकडे शिकायला येणारा मुलगा काही बोलला नाही. त्या आठवड्यात त्यानं लॅमिंग्टन रोडवरून एका ऑफिसातून निघालेला मिनी पीसी आणला. म्हणाला, "काका, वाचनालयाला हाच लावू या."

अंबाडी नाक्यापासून जवळच्या त्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव माझ्या रास्पबेरी पायवर होती. लाइट मध्येच जायची, नोंद अर्धी लिहिलेली असायची, की मेमरी कार्ड बाद. कार्डाला लिहायची बंदी केली तर ते टिकतं. पण मग देवघेव लिहायची कुठे? महागडी कार्डं झाली, बॅटरी झाली. बोर्डावरचा लाल दिवा तरी लुकलुकायचाच. 4.63 व्होल्टच्या खाली गेलं की तो विझतो. कित्येक रात्री मी केबली मोजत बसलो. चार्जरच्या तोंडाशी 5.1 आणि मोबाइलच्या बारीक केबलच्या टोकाला 4.5! वर चौथ्या पायपर्यंत बोर्डात घड्याळच नाही. इंटरनेट नसलं की पुस्तकं चुकीच्या तारखेला परत यायची.

मिनी पीसीत घड्याळाला सेल आहे, आत एसएसडी आहे, आणि लाइट आली की आपोआप चालू व्हायची सोय बायोसमध्येच आहे. तीन-चार वॅटऐवजी दहाएक खातो, एवढंच. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि अकरा न चालणारी सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं बाजारात आली. लिनक्सला ती उत्तम. मात्र झाकण पुसून 'नवं' म्हणून विकणाऱ्यांचा मला संताप येतो. आतली धूळसुद्धा काढत नाहीत.

29 फेब्रुवारी 2012 ला पाय आला तो 35 डॉलरचा, मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून. आज पाचव्याला पाच अँपिअरचा चार्जर, पंखा, डबी, एसएसडीची पाटी घेतली की जुन्या मिनी पीसीएवढेच पैसे होतात. हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तरी वाचनालयाला मी पायच दिला, तोही पारदर्शक डबीत, दाराकडे तोंड करून. लोक थांबायचे, "एवढ्याशा पाटीवर चालतं?" विचारायचे. त्या प्रश्नासाठी मी त्यांची कार्डं जाळली. आता मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसवलाय. कुणी विचारत नाही, आणि मला ते लागतं.

परवा भिवंडीच्या एका मागवाल्यानं पिक, म्हणजे आडव्या धाग्याचे फेरे, मोजायचं काम दिलं. सेन्सरची तार घ्यायला मिनी पीसीला पिना कुठून असणार? मुलगा म्हणाला, तिथे पायच. पिना आधीच बसवलेला बोर्ड मागवला, मध्ये ऑप्टोकपलर घातला, जाड तांब्याची केबल स्वतः कापली. काल बोर्डाच्या टोकाला मीटर लावला. 5.08. सगळे माग सुरू झाल्यावर पुन्हा लावला, मग जेवायच्या सुट्टीनंतर पुन्हा.