खर्जाची जागा

भजनाला बसण्याआधी मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. आमच्या गावच्या देवळात पखवाजी काकांच्या बाजूला बसून मी ते पाहायचो. लावायची, थाप मारायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. वजन वाढलं की कातडं सावकाश कापतं आणि नाद खाली उतरतो. टाळ कानांना ऐकू यायचे. ती थाप मात्र फरशीतून मांडीला आणि तिथून छातीला भिडायची. आवाजाची ओढ मला तिथेच लागली.

घरच्या ट्रान्झिस्टरवर तबला लागला की डग्गा ओळखू यायचा, पण अंगाला लागत नसे. तळहाताएवढा स्पीकर तेवढी हवा हलवूच शकत नाही. मूळ स्वर हरवला तरी त्याच्या उपस्वरांवरून मन तो जुळवून घेतं. शरीराचं तसं होत नाही.

शरीराला तो पुन्हा भेटला पुण्यातल्या थिएटरात. १९९२ साली डॉल्बी डिजिटल आलं; त्यात सिनेमाच्या खर्जाला स्वतःचा वेगळा मार्ग होता. ‘फाइव्ह पॉइंट वन’मधला तो ‘पॉइंट वन’: जास्तीत जास्त १२० हर्ट्झपर्यंतचा, गडगडाटासाठी राखून ठेवलेला.

पुढे घरी सबवूफर, म्हणजे नुसत्या खर्जासाठीचा स्पीकर, आला तेव्हा कळलं की निम्मं वाद्य म्हणजे आपली खोलीच. २० हर्ट्झची एक लाट सुमारे ५६ फूट लांब असते. आमचा हॉल पंधरा फुटांचा. बादलीतलं पाणी हेलकावलं की कडा वरखाली होतात आणि मधली पातळी जवळपास तशीच राहते. पंधरा फुटी खोलीत ३८ हर्ट्झच्या आसपास हवेचा दाब नेमका तसाच वागतो. भिंतीपाशी घुमतं, मधोमध बसलेल्याला तो स्वर ऐकूच येत नाही. इक्वलायझर उठलेला स्वर दाबू शकतो. हा खड्डा मात्र कितीही पॉवर ओतली तरी भरत नाही. म्हणून जागा आधी, बटणं नंतर. एक उपाय मला फार आवडतो: आपण बसतो तिथे सबवूफर ठेवायचा, खर्जाचे स्वर सतत वरखाली होत राहतात असं गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने येतील, तिथे सबवूफर न्यायचा.

रिसीव्हरमध्ये मोठे स्पीकरसुद्धा ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं सांगता येत नाही, आणि जड कामातून सुटलेल्या स्पीकरमधून संवाद मोकळे होतात. मग फेज शून्य आणि १८० अशी फिरवून पाहायची. क्रॉसओव्हरपाशी भरीव वाटेल ती ठेवायची. पातळी शेवटी. ती हवी तेवढीच, कारण खर्ज स्लॅब ओलांडतो आणि खालच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात.

एका अवाढव्य सबवूफरपेक्षा दोन मध्यम घ्यावेत. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की लांबीतला तो हेलकावा दोघं मिळून बराच शमवतात. आमच्याकडे पूर्वी भिंतीलगतच्या खुर्चीत बायकोला नुसती घुमघुम आणि मधल्या सोफ्यावर मुलाला जवळजवळ काहीच नाही, असं चालायचं. मागच्या भिंतीला दुसरा सबवूफर आल्यापासून दोघं एकच सिनेमा ऐकतात.