तंबोरा म्हणजे शिट्टी नव्हे

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांचा मुलगा जवळजवळ ओढतच माझ्या सांगलीच्या दवाखान्यात घेऊन आला. वय अठ्ठ्याहत्तर. खुर्चीत टेकता टेकताच सरांनी जाहीर केलं, "बाई, माझे कान ठणठणीत आहेत. हाच तोंडातल्या तोंडात बोलतो." आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानी पडतंच. मुलं तोंडात बोलतात, सुना पुटपुटतात, मालिकेतल्या नटांना तर शब्दच फुटत नाहीत. ऐकणाऱ्याचा दोष कधीच नसतो. सरांचं पुढचं वाक्य मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. "आणि माझा तंबोरा बिघडलाय."

(लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून 'याला औषध नाही, ऑपरेशनही नाही' असं सांगितलं की माणूस माझ्याकडे येतो. त्याला किती ऐकू येतं ते मी मोजते आणि मशीन बसवते.)

तंबोरा सरांच्या वडिलांच्या वेळचा, मिरजेचा. रोज पहाटे तो छेडत ते भजनं म्हणत. वर्षभरापासून त्याचा आवाज बोथट झालाय असं त्यांना वाटत होतं. मिरज आमच्यापासून दहाएक किलोमीटर. सरांनी तंबोरा रिक्षात घालून नेला, जवारी काढून आणली. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा नेला. दुसऱ्या खेपेला कारागिरानं तारा छेडल्या, थोडा वेळ ऐकल्या आणि पैसे न घेता तंबोरा परत दिला. म्हणाला, "हा चांगला बोलतोय, सर. एकदा कान दाखवून घ्या."

म्हणजे निदान माझ्या आधी मिरजेतच झालं होतं.

तंबोऱ्याची तार जिच्यावरून जाते ती घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित उतार असतो. तार थरथरताना त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते. खाली सुती दोरा सरकवून कारागीर ती जागा नेमकी पकडतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी आवाज मुका होतो, आणि जागेवर बसला की तार उघडते. एका तारेतून एकच स्वर येत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही येत राहतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या वाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, असं शास्त्र सांगत होतं, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत खणखणीत ऐकू येतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. ती करामत घोडीची, आणि तिलाच जवारी म्हणतात.

काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. त्याची पाचपट म्हणजे ३४६, आणि तो झाला गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो तो असा. आणि जोडाच्या, म्हणजे खर्जाच्या दुप्पट कंपनांच्या तारांचे पंधरापटीच्या वरचे उपस्वर २००० हर्ट्झच्या पलीकडे जातात. जवारीची झळाळी म्हणतात ती तिथे राहते.

सरांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं. १००० हर्ट्झपर्यंत वयाच्या मानानं उत्तम. २००० पासून आलेख आंबा घाट उतरल्यासारखा खाली. म्हणजे आ, ओ, म, न हे सगळं ऐकू येणार. स, श, फ पुसट होणार. 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' ही तक्रार याच घाटातली. गंधार त्यांच्या कानात शाबूत होता. गेली होती ती वरची झळाळी. मुलाचे श आणि तंबोऱ्याची जवारी एकाच वेळी हरवली होती. सरांनी एकाचा दोष मुलाला दिला, दुसऱ्याचा मिरजेला.

मशीन बसवलं. सर खूश झाले. कुकरची शिट्टी, पेपरची सळसळ, नातवाचं बोलणं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर, या वेळी गवसणीत घातलेला तंबोरा घेऊन. वेटिंगमधली माणसं टकामका बघत होती. सरांनी माझ्या टेबलाशेजारी सतरंजी मागवली, बसले, तंबोरा छेडला आणि मान हलवली. "मशीन काढलं तर बोथट. घातलं तर हा रडतो."

आमच्याकडे स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते, तिनं रुग्णाचं मशीन आपल्याला ऐकता येतं. ती लावून ऐकलं. पहिले दोन-तीन सेकंद तंबोरा सुरेख. मग तो हळूहळू लांब गेला, कुणी दार लोटून घ्यावं तसा. मग त्याच्यात एक थरथर शिरली. खरंच रडत होता.

कारण सरळ आहे आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं. कानाची मशिन्स बनतात ती बोलणं ऐकण्यासाठी. बोलताना आवाज सेकंदाला तीन-चारदा वरखाली होतो. जो आवाज असा वरखाली होत नाही, एकसारखा चालू राहतो, तो मशीनच्या लेखी पंखा किंवा मिक्सर. मशीन तो दाबतं. दुसरं, मशीनचा आवाज कानातून गळून पुन्हा त्याच्याच माईकमध्ये शिरला की कुईं अशी शिट्टी वाजते. ती मारायची सोय मशीनमध्ये असते: लांबलेला, स्वच्छ, एका पट्टीतला स्वर दिसला की मशीन त्याच्यावर उलटा स्वर सोडतं. आता लांबलेला, स्वच्छ, एका पट्टीतला स्वर म्हणजे आपल्याकडे काय? तंबोरा, बासरी, लावलेला षड्ज. ज्याच्यासाठी माणसं जन्म घालवतात, तीच मशीनला बिघाडाची खूण वाटते.

त्या दिवशी दीड तास बसले. मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम उघडला. आवाज दाबणारी सोय बंद. शिट्टी मारणारी सोय अगदी मंद. ती मंद झाल्यानं खरी शिट्टी वाजू नये म्हणून कानाचा साचा नव्यानं घट्ट करून घ्यायचं ठरवलं, तोवर वरच्या पट्टीचा आवाज थोडा उतरवला. बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करून सगळं एका पातळीत आणायची मशीनला खोड असते, तीही सैल केली. नाहीतर गायकानं आवाज हलका केला काय, तार षड्जावर नेऊन मोकळा सोडला काय, रुग्णाला एकच.

"छेडा, सर."

त्यांनी छेडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांचा हात खाली गेला आणि त्यांनी जोडाच्या एका तारेचा मणी किंचित सरकवला. ती तार खरंच जरा उतरली होती. मला कळली नव्हती. तार उतरलीय हे ज्याला कळलं, त्याचं मशीन बसलं, असं मी तेव्हापासून समजते. कुठल्याही आलेखापेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास आहे.

त्यानंतर माझा तपासणीचा फॉर्म मी बदलला. त्यात फोन होता, टीव्ही होता, देऊळ, बाजार, लग्नकार्य होतं. 'गाणं ऐकता का? कोणतं?' हा प्रश्न वीस वर्षं नव्हता. विचारायला लागल्यावर उत्तरं यायला लागली. एका आजींनी सांगितलं, दळताना म्हटलेलं सोडून मी काही ऐकत नाही, आणि मग पाऊण तास ओव्या म्हणून दाखवल्या. एक जण दरवर्षी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीला जात. तीन वर्षं जाणं सोडलं होतं, कारण 'तिथे आता मजा उरली नाही.' मजा तिथेच होती, कान उतरला होता.

कान हे भोक आहे आणि आवाज त्यातून आत पडतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीत बाहेरच्या ओळीत साधारण बारा हजार केसपेशी असतात आणि त्या स्वतः हलतात, आलेल्या बारीक आवाजाला झोका देऊन मोठा करतात. आतल्या ओळीत साडेतीन हजारांच्या आसपास. मेंदूकडे निरोप पाठवायचं काम मुख्यतः त्यांचं. डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञानं १९७८ साली दाखवून दिलं की या हालचालीमुळे कान स्वतःही आवाज करतो. नवजात बाळाच्या कानात छोटा माईक ठेवून आम्ही तोच आवाज टिपतो. बाळ झोपलेलं असतं आणि त्याचा कान आम्हाला उत्तर देत असतो. पंचवीस वर्षं झाली, अजून दर वेळी मला त्याचं अप्रूप वाटतं.

पुढचं काम मेंदूचं. लहानपणी आमच्या घरी तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं सांगली केंद्र लागायचं. त्याच्या इवल्याशा कर्ण्यातून डग्ग्याचा खालचा घुमारा बाहेर पडणं शक्यच नव्हतं, तरी आम्हाला डग्गा ऐकू यायचा. वरचे उपस्वर आले की खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. मोबाईलवर तंबोऱ्याचा खर्ज ऐकता, तोही बहुतेक तुमचाच असतो.

ऐकण्याचे फायदे विचाराल, तर आधी एक कुरकुर. अमका राग मधुमेहावर, तमका रक्तदाबावर, पोटदुखीवर तिसराच, असे तक्ते मला आठवड्याला एक तरी येतात. मोत्झार्टचंही तेच झालं. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना त्याची एक रचना ऐकवली, तर नंतरची दहा-पंधरा मिनिटं त्यांना आकृत्यांची कोडी जरा बरी सुटली. एवढ्या बळावर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं १९९८ साली प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची सीडी पाठवायची टूम काढली. बाळांचं काय झालं ते सोडा, पालकांना सीडी मिळाल्या.

ज्यावर माझा विश्वास आहे ते प्रयोग साधे आहेत. फिनलंडमध्ये पक्षाघाताच्या साठ रुग्णांवर एक झाला, २००८ साली छापून आला. काहींना रोज आपल्या आवडीचं संगीत ऐकायला दिलं, काहींना बोलकी पुस्तकं, काहींना काहीच नाही. दोन महिने हे चाललं. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष धरण्याची ताकद इतरांपेक्षा जास्त सुधारली. यातला 'आपल्या आवडीचं' हा शब्द मला मोलाचा वाटतो. डॉक्टरांनी लिहून दिलेला राग नव्हता तो.

दुसरा प्रयोग मॉन्ट्रियलचा, २०११ सालचा. गाण्यातली अंगावर काटा आणणारी जागा येते तेव्हा मेंदूत डोपामिन सुटतं, आणि ती जागा येण्याच्या आधीही, येणार येणार म्हणून वाट पाहताना, मेंदूच्या वेगळ्या भागात सुटतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. ते लोक पाश्चात्त्य संगीत ऐकत होते, पण आमच्याकडे ज्या जागेची अशी वाट पाहतात तिला नावच आहे: सम. विलंबित एकतालात गवई आवर्तनभर कुठेतरी भटकतो, मुखडा उचलतो, आणि पाचशे माना एकदम समेवर पडतात. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची आणि तुमची मान एकाच क्षणी हलते. मोजलेलं नाही कुणी, पण माझी खात्री आहे की मैफलीत गेलेल्या माणसाला बरं वाटतं त्यातलं निम्मं श्रेय या एकत्र वाट पाहण्याचं असावं. म्हणून मशीन बसवल्यावर मी लोकांना घरात एकटं बसून ऐकण्यापेक्षा भजनी मंडळात परत जा म्हणते.

एक कबुलीही द्यायला हवी. कॉलेजात असताना मी चार वर्षं ढोलपथकात होते. कानात बोळा घालणं तेव्हा भेकडपणाचं वाटायचं. आज माझ्या डाव्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झवर नेमका खड्डा आहे. मोठ्या आवाजानं पडणारा खड्डा बहुधा तिथेच पडतो. त्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. सरांची उतरलेली तार मला कळली नाही, त्यात या खड्ड्याचाही वाटा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालतो. ९० वर गेलात की चार तासच. डॉल्बीच्या भिंतीसमोर हा आठवड्याचा कोटा कधी संपतो, हे नाचणाऱ्याला कळतही नाही. दिवाळी पहाटेला जाणार असाल तर पहिल्या रांगेतली स्पीकरसमोरची मानाची खुर्ची दुसऱ्याला द्या आणि मागे, मधोमध बसा. गाणं तिथे जास्त चांगलं ऐकू येतं.

आणि घरात कुणी 'हल्ली गाण्यात मजा नाही राहिली' असं म्हणायला लागलं असेल, तर त्यांचे कान एकदा तपासून घ्या. मशीन घ्यायची वेळ आलीच, तर आवडतं गाणं फोनमध्ये घेऊन जा. वाद्य असेल तर वाद्यच न्या, संकोच करू नका. बसवणाऱ्याला सांगा की संगीताचा प्रोग्राम वेगळा टाकून द्या. हल्लीच्या बहुतेक मशिन्समध्ये ती सोय असते. आपण मागितल्याशिवाय ती सहसा कुणी उघडत नाही.