आवाज येतो, चित्र येत नाही

आमच्या फ्लॅटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी भाडं मागितलं की लक्ष्याचं स्टिकर येतं. भांडी घासायची पाळी कुणी विसरलं की लक्ष्या. कुणाला ऑफिसातून नारळ मिळाला तरी लक्ष्याच, फक्त डोळे जरा जास्त विस्फारलेले.

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ला गेला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. म्हणजे माझ्या आयुष्यातला बराचसा लक्ष्या हा तो गेल्यानंतरचा आहे. मराठी चॅनलवर तो, मीम पेजवर तो, परभणीहून पुण्याला येणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टीव्हीतही तोच. एखादा माणूस इतका दिसत राहिला की तो विनोदी आहे की नाही, हे कुणी तपासायलाच जात नाही. लक्ष्या आला म्हणजे हसायचं, एवढंच.

पुण्यात कॉलेजला आल्यावर मी तपासायला गेलो. फिल्म क्लबमध्ये चॅप्लिन, कीटन बघितले आणि निकाल देऊन टाकला: लक्ष्या विनोदी नाहीच. तो तोंडं वाकडी करतो, डोळे फिरवतो, किंचाळतो, साडी नेसतो. बाकीचं काम पार्श्वसंगीतातलं ‘टॉइंग’ करतं.

हा निकाल मी सेलूला घरी, दिवाळीत, पाहुण्यांसमोर जाहीर केला. टीव्हीवर ‘बनवाबनवी’ चालू होता आणि अण्णा हसत होते. मी म्हणालो, “अण्णा, यात हसण्यासारखं काय आहे? नुसती तोंडं करतोय तो.”

अण्णा हसायचे थांबले. जेवणं होईपर्यंत काही बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर हात पुसत म्हणाले, “त्याचं तोंड मी बघितलंय कुठं? माझा जन्म टीव्हीच्या मागं गेला.”

अण्णांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. जुने, मागे पोट असलेले, पिक्चर ट्यूबवाले टीव्ही. लोडशेडिंगच्या काळात लाइट आली की व्होल्टेज असं उसळायचं की दुसऱ्या दिवशी दुकानासमोर हातगाड्यांवर टीव्ही हजर. अण्णा सेटच्या मागे, हातात सोल्डरिंग. सेट चालू ठेवूनच काम करायचं, त्यामुळे जे लागलं असेल ते कानावर पडायचं. रविवारी दुपारी चारचा मराठी पिक्चर तर ठरलेलाच. चित्र नीट बसवताना ते समोर आरसा टेकवून ठेवायचे. पण आरशात बघायचं ते रेघ सरळ आली का, रंग फुटतोय का. लक्ष्याकडे बघायला सवड कुणाला?

अण्णांनी तेव्हा मला एका सेटची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त एकच तक्रार घेऊन यायची: आवाज येतो, चित्र येत नाही. असाच एक सेट बाकड्यासमोर चालू होता. पडदा काळाठिक्कर, आत लक्ष्याचा पिक्चर. बाकड्यावर थांबलेली चार-पाच माणसं त्या काळ्या काचेकडे बघत पोट धरून हसत होती.

“आता सांग,” अण्णा म्हणाले, “ती काय तोंड बघून हसायली होती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शहाण्यासारखा विषय बदलला.

पण ते डोक्यातून गेलं नाही. पुण्यात परतल्यावर एका रात्री मी मोबाइलवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला आणि मोबाइल गादीवर पालथा घातला. हा सिनेमा १९८८चा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दिग्दर्शन सचिनचं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची. संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या माणसाचे. नुसतं ऐकताना हे आधी कळतं: वाक्यंच पक्की आहेत. दुसरं म्हणजे ज्या सत्तर रुपयांवरून इतकी मीम्स फिरतात, तो प्रसंग लक्ष्याचा नाहीच. तो अशोक सराफ आणि सुधीर जोशींचा. लक्ष्याच्या खात्यात आपण बरंच उधारीचंही जमा केलंय.

मग लक्ष्याचं स्वतःचं काय? मला ऐकू आली ती भीती. परश्या पार्वती होऊन बाईचा आवाज काढतो आणि मधूनच खालून परश्या निसटतो. मग तो अडखळतो, श्वास घेतो, आणि आधीचं खोटं झाकायला दुसरं खोटं काढतो. त्या श्वासापाशी मी हसलो. अंधारात, एकटाच. पकडला जाणारा माणूस शेवटच्या क्षणी जेवढं थांबतो, बरोब्बर तेवढं तो थांबतो.

आणि ही भीती माझ्या ओळखीची होती. त्या सिनेमात चार पोरं साड्या आणि थापा घेऊन का फिरतात? एकट्या पोरांना खोली मिळत नाही म्हणून. पुण्यात पहिली खोली शोधताना मी पण खोटं बोललो होतो. एका काकांनी विचारलं, “किती जण राहणार?” आम्ही चौघं होतो, मी म्हणालो, दोघं. “गाव कुठलं?” परभणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला, म्हणून घाईघाईने जोडलं, मावशी कोथरूडला असते. कोथरूडला माझी कुणीही नाही. पुढचे अकरा महिने जिन्यात काका भेटले की मावशीची तब्येत सांगावी लागायची. एकदा तर मी तिचं ऑपरेशनसुद्धा केलं.

‘झपाटलेला’मध्ये (१९९३) हेच उलटं आहे. बाहुला जिवंत आहे, हे लक्ष्या खरं सांगतोय आणि कुणी विश्वास ठेवत नाही. खोटं बोलून अडकलेला किंवा खरं बोलून अडकलेला साधा माणूस, ही त्याची हुकमी जागा. तिथे तो विनोदी आहे. माझा निकाल चुकला होता.

पण अर्धाच. पुढच्या काही रात्री मी त्याचे आणखी सिनेमे असेच पालथे घालून ऐकले. कित्येकांत फक्त आरडाओरड उरली. जाड बाई, काळी बाई आली की हसायचं, असले विनोद तर आवाजाने वाचत नाहीत आणि चित्रानेही नाही. तो इतक्या सिनेमांत होता की श्वास घेण्याची ती जागा त्याला दर वेळी मिळणं शक्यच नव्हतं. हिंदीने तर ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्याला हिरोच्या आगेमागेच ठेवलं.

वेगळी जागा त्याला एकदा मिळाली. जब्बार पटेलांचा ‘एक होता विदूषक’ (१९९२), पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे यांचे. तमाशातल्या बाईचा मुलगा लोकांना हसवत सिनेमात जातो, पुढे राजकारणात, आणि त्या वाटेत हसवणंच हरवून बसतो. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण प्रेक्षक गेले नाहीत. आपल्याला लक्ष्या हवा होता, लक्ष्मीकांत बेर्डे नको होता. मी अण्णांना विचारलं, बघितलाय का? “नाही बा,” ते म्हणाले. “आपल्या दुकानात कधी लागलाच नाही.”

दुकान आता बंद आहे. एलईडीचं पॅनल गेलं की लोक नवाच टीव्ही घेतात. अण्णांकडे स्मार्टफोन आहे आणि त्यात रील्स. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा ते खाटेवर बसून लक्ष्याचं एक रील बघत होते. चेहरा मख्ख.

“हसू येईना का?” मी विचारलं.

“कसं येईल? तो थांबायच्या आतच कापलंय की.”

इतकी वर्षं मी ज्याला कंटाळलो होतो, तो हा कापलेला लक्ष्या होता. डोळे ठेवलेला, श्वास काढून टाकलेला. स्टिकरमध्ये तर आवाजही नाही. चित्र येतं, आवाज येत नाही.

मी अण्णांच्या मोबाइलवर एक अख्खा पिक्चर लावला, कुठला ते न बघता, आणि मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. दोघं ऐकत बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अण्णांनी हात लांबवून आवाज बारीक केला.

“हा नको,” म्हणाले. “ह्याच्यात नुसता वरडायलाय.”