कपाटातलं पाणी

आजीबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "तुझी आजी आणि माझी आई या दोन वेगळ्या बायका होत्या, हे आधी लिही." लिहिलं.

आजी २०२५ च्या जानेवारीत गेली. नव्वदीची होती. वय झालं होतं, सगळ्यांनी तसं म्हटलंही, आणि आम्हीही माना डोलावल्या. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई आधी पाणी आणून देत होती, गूळ ठेवून, अगदी आजीसारखं, तेव्हा मला आत जाऊन रडावं लागलं.

आजीच्या घरी कुणीही आलं तरी आधी पाणी. पोस्टमन, गॅसवाला, रद्दीवाला, लिफ्टचा रंग काढायला आलेली मुलं. "पाण्याला नाही म्हणू नये," एवढंच ती म्हणायची. मला वाटायचं, जुन्या लोकांची रीत असते तशी. रीत नव्हती ती.

१२ जुलै १९६१. बुधवार. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या घरात ही तारीख सांगितली तर पुढचं सांगावं लागत नाही. आजी-आजोबा तेव्हा नारायण पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायला. आई चार वर्षांची. सकाळी पानशेत फुटलं, आणि बोळातली पोरं ओरडत आली तेव्हा आजी नुकतीच पाणी भरत होती. तिने एका कडेवर आईला घेतलं आणि दुसऱ्या कडेवर भरलेली कळशी. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. हातात होती म्हणून. शुक्रवारात तिच्या मावशीकडे पोचली तेव्हा सगळे हसले म्हणे. घर बुडायला लागलंय आणि ही पाणी घेऊन आली!

दुसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. पानशेतच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही फोडलं होतं आणि शहराला पाणी तिथूनच यायचं. सगळीकडे पाणीच पाणी झालं आणि नळ कोरडे. त्यात आईला ताप भरला. त्या कळशीवर दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी आजी तांब्या घेऊन बाहेर पडली. ओळखीचं एक घर होतं, आत विहीर होती. त्या घराने दार लावून घेतलं.

हे तिने एकदाच सांगितलं, मला, मटार सोलताना. घर कुणाचं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. "त्यांचीही पोरं होतीच की घरात," म्हणाली.

पुढचं आईकडून ऐकलेलं. वाड्याच्या भिंती खचल्या होत्या. चिखलातून एकच गोष्ट धड निघाली, शिवणाचं मशीन. आजीने ते रॉकेलने धुतलं, वाळवलं, तेल घातलं, परत धुतलं. छापखान्यातले खिळेही गाळात गेल्यामुळे आजोबांना काही महिने कामच नव्हतं, तेव्हा घर त्या मशीनवर चाललं. नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली. मामा तिथला जन्म. आजी रात्री अकरापर्यंत ब्लाउज शिवायची आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापायची. त्या भाकरीबद्दल आई आजही वाईट बोलते.

आईची तक्रार मात्र भाकरीची नाहीच. आई मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला सायन्सला जायचं होतं. आजीने तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. "नोकरी लागली की कुणापुढे हात पसरायला नको." नोकरी लागली, चौतीस वर्षं केली, पेन्शन मिळते. पण मी इंजिनिअरिंगला बाहेरगावी जायचं म्हटलं, आई काचकूच करत होती आणि आजी मध्येच म्हणाली, "जाऊ दे तिला, काय होतंय!" तेव्हा आई तिच्याकडे वळून म्हणाली, "मला नाही जाऊ दिलंस." आजी काही बोलली नाही. उठली आणि आईसमोर चहाचा कप आणून ठेवला. आईने तो घेतला नाही. गार होऊन साय आली त्यावर, मला दिसतेय अजून.

मी गेले. म्हणजे आईच्या वाटचंही मीच घेतलं असं कधीकधी वाटतं. असो.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

शेवटची दोनेक वर्षं आजीला विसरायला होत होतं. माझं नाव जायचं, जेवली की नाही ते जायचं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये शिरलं, ते तिने टीव्हीवर पाहिलं. त्या रात्रीपासून ती भांडी भरायला लागली. पातेली, डबे, आंघोळीची बादली, फुलदाणी. नळ सुरू ठेवून विसरायची. खालच्यांच्या छताला दोनदा ओल आली, ते रीतसर भांडायला आले. त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हा तिच्या खोलीतल्या बाथरूमचा कॉक मी बंद केला. आईने नाही, मी. नव्वदीच्या बाईला वर ओरडलेसुद्धा, "आजी, पूर नाहीये, कुठेच पूर नाहीये!" ती पलंगावर बसून माझ्याकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "बाई, एक तांब्या तरी द्या. मुलीला ताप आहे."

तिने मला ओळखलं नव्हतं. किंवा ओळखलं होतं, मी ते दार लावणाऱ्यांपैकी होते.

कॉक मी तरीही उघडला नाही. खालच्यांचं छत होतं, घसरून पडायची भीती होती, सगळी कारणं खरी होती.

चौदावा झाल्यावर मी आणि आई तिची खोली आवरत होतो. साड्यांच्या मागे, उशीच्या खोळीत, मशीनच्या ड्रॉवरमध्ये मिळून नऊ भांडी निघाली. वाट्या, लोणच्याची बरणी, औषधाच्या बाटल्या. सगळी भरलेली, वर फडकं बांधलेली. आम्ही प्यायला द्यायचो त्या पेल्यातलंच पाणी. निम्मं पीत होती, निम्मं ठेवत होती.

आई बराच वेळ खाली बसून होती. मग तिने एकेक भांडं नेऊन गॅलरीतल्या कुंड्यांना रिकामं केलं. एक बरणी तेवढी ठेवली. तिच्यातलं पाणी ती रोज सकाळी बदलते, आणि वर फडकं बांधते.