नजरेसाठी राखलेले रंग

मूर्तिशाळेत सगळी मूर्ती रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी जाणत्या हातासाठी राखून ठेवतात. जिफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला असं काही राखून ठेवणं ठाऊक नाही. माझी नजर मंदावू लागली आहे, आणि ठाकूरद्वारच्या चाळींतल्या आरतीच्या जिफचे रंग नवी मुलं आता सॉफ्टवेअरवरच सोपवतात, हे मला सोसत नाही. कुठल्या रंगाला जागा द्यायची हे पिक्सेल मोजून ठरत नाही.

पॅलेट, म्हणजे जिफला परवडणारे जास्तीत जास्त २५६ रंग, काढायच्या बऱ्याच पद्धती पॉल हेकबर्टच्या १९८२ सालच्या मीडियन कट या रंगनिवडीच्या रीतीच्या वंशातल्या. ज्या रंगाचे पिक्सेल जास्त, त्याला छटा जास्त. मखराचा मखमली पडदा आणि झेंडूचा केशरी मिळून २५६ पैकी बहुतेक घरं खातात. बुबुळाचा तपकिरी आणि पापणीखालची करडी रेघ एकाच रंगात कोंबली जाते आणि मूर्तीची नजर जाते. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त हलणारा भाग मोजायची सोय आहे, ती वापरा, असं सुचवलं जातं. पण आरतीत हलते ती निरांजनाची ज्योत. मूर्ती स्थिर, म्हणजे मोजणीतून तीच जवळजवळ बाद! फ्रेमगणिक वेगळं पॅलेट दिलं तर फाइल फुगते आणि गालाची छटा लुकलुकते. त्यावर फ्लॉइड-स्टाइनबर्ग डिदरिंग (मोजक्या रंगांचे ठिपके मिसळून मधली छटा भासवणं) लावलं की एका पिक्सेलची चूक उजवीकडे आणि खाली ढकलली जाते. तबक चेहऱ्याच्या वर गेलं, की खालच्या न हललेल्या गालावर मुंग्या धावतात. डिदरिंगचीच दुसरी रीत, बायरची जाळी, खडबडीत, पण जागची हलत नाही. चेहऱ्यावर तीच हवी.

सरळ व्हिडिओ पाठवा, वेबपी वापरा, तिथे रंगांना तोटा नाही, हा आक्षेप वजनदार आहे. व्हॉट्सअ‍ॅपही जिफचं एमपी-४ करूनच पाठवतं. पण फाइल लहान करायची म्हटली की तिथेही बारीक तपशील आधी पुसला जातो. वाटणी रंगांची नसते, बिटांची असते, एवढाच फरक. चमचम शिंपडून शुभेच्छा पाडणाऱ्या तयार अ‍ॅपवाल्यांना या वाटणीशी देणंघेणंच नाही, आणि त्यांचंच काम घरोघर फिरतं, याचा मला राग आहे.

मी चेहरा वेगळा कापून त्याचे रंग आधी काढतो आणि राखून ठेवतो. उरतील ते पडद्याला. माझं काम मूर्तीच्या नजरेवरून ओळखलं जावं, हा हव्यासही त्यात आहे, आणि तो मला सोडायचा नाही. पडद्यावर पट्टे उमटतात. उमटू देत.