बॅच नंबर ४१

चार महिने मी टोमॅटो सॉसच करत होते. सॉस म्हणजे काय, तर टोमॅटो, साखर, व्हिनेगर, मीठ, मसाला. तेच पाच जण, फक्त कोण किती हे बदलायचं. साखर अर्धा टक्का वर, आंबटपणा जरा खाली, पुन्हा उकळा, पुन्हा चाखा. घरी आमटीत चिंच घालतानाही डोक्यात आकडे यायचे. ४१वी बॅच जमली आणि सर म्हणाले, "पेटंट टाकूया का?"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. पेटंटवर माझं नाव!

रात्री कायदा वाचला. भारतीय पेटंट कायदा, १९७०, कलम ३(ई). पदार्थ नुसते मिसळले आणि ज्याचे त्याचे गुण तेवढे एकत्र आले, तर त्याला पेटंट नाही. मिसळल्यावर बेरजेपेक्षा जास्त काही घडलं पाहिजे. माझ्या सॉसमध्ये साखर गोड लागत होती आणि व्हिनेगर आंबट.

मग जपानची एक केस सापडली. इतो एन कंपनीकडे टोमॅटोच्या पेयाचं पेटंट होतं. ब्रिक्स ९.४ ते १०, साखर-आम्ल गुणोत्तर १९ ते ३०, शिवाय दोन अमिनो आम्लांचं प्रमाण. कागोमे कंपनीने आव्हान दिलं आणि २०१७ मध्ये तिथल्या बौद्धिक संपदा उच्च न्यायालयाने कागोमेचं म्हणणं मान्य केलं. घोडं अडलं चवीच्या चाचणीवर. चाखणाऱ्यांनी गुण दिले खरे, पण एक गुण वाढला म्हणजे चव किती बदलली, याचं माप सगळ्यांचं एकच होतं का?

मला आमचं पॅनल आठवलं. अकाउंट्सचे काका जेवणानंतर सगळ्यालाच नऊ देतात. पॅकिंगमधल्या ताई, तिखट नसलं की तीन. त्याची सरासरी मी स्लाइडवर ठळक अक्षरांत टाकली होती.

मेहनत खरी होती, पण मेहनत तर आईही करते. दरवर्षी कैरी बघून पन्ह्याचा गूळ ठरवते. आणि समजा, नारायणगावच्या एखाद्या छोट्या कारखानदाराला गोड टोमॅटो मिळाला आणि त्याचा सॉस आपोआप माझ्या आकड्यांत बसला. तो चोर? तेही २० वर्षं?

बेरजेपलीकडचं काही सापडलं असतं, तर मीच पहिली अर्ज घेऊन धावले असते.

सोमवारी सरांना हे सांगितलं. "मग कुणाला बोलू नका," एवढंच म्हणाले. पेटंट घेतलं असतं तर फॉर्म्युला जगजाहीर करावा लागला असता. आता तो पासवर्डच्या फाइलमध्ये आहे.

दुपारी टोमॅटोचा नवा ट्रक आला. माल आंबट निघाला. ४२वी बॅच लावली.